वाचकांचे प्रश्न: दर साडेपाच वर्षांनी हे एक्स-रे जातात कुठं?

मागच्या अंकात जोडताऱ्यांबद्दल थोडक्यात लिहिलं होतं, की दोन प्रचंड मोठे तारे एकमेकांभोवती फिरतात आणि त्यांच्याकडून येणारे एक्स-रे ठराविक दिवसांनी वाढतात आणि कमी होतात. त्यावर नाशिकमधून आणि आसपासच्या गावांतून पत्रं, मेल, व्हॉट्सअॅप असं बरंच काही आलं, सारखे प्रश्न एकत्र केलेत. सुरुवातीलाच एक सांगून ठेवते म्हणजे पुढचं वाचायला सोपं जाईल. हे किती दिवसांनी होतं ते कक्षा ठरवते, पण नेमकं काय होतं, किती कमी होतात, किती वेळ कमी राहतात, ते ताऱ्यांचा वारा ठरवतो. या दोन गोष्टी वेगवेगळ्या धरून वाचा.

प्रश्न: ताई, ईटा कॅरिनी नावाचा तारा दर साडेपाच वर्षांनी एक्स-रेमध्ये जवळपास गायब होतो असं तुम्ही लिहिलंत. म्हणजे तारा विझतो का? आणि विझला तर परत पेटतो कसा?
(गंगापूर रोड, निवृत्त बँक अधिकारी)

उत्तर: नाही काका, तारा अजिबात विझत नाही. दोन्ही तारे जसेच्या तसे जळत असतात, आणि मुळात ते जोरदार एक्स-रे ताऱ्यांच्या पृष्ठभागावरून येतच नाहीत, ते येतात दोघांच्या मधल्या जागेतून.

ईटा कॅरिनी आपल्यापासून साधारण ७५०० प्रकाशवर्षं लांब आहे, दक्षिणेकडच्या आकाशात. त्यातला मोठा तारा सूर्याच्या ९० ते १०० पट वस्तुमानाचा, आणि धाकटा, म्हणजे त्याच्या शेजारी म्हणून धाकटा, तोही सूर्याच्या ३० पटीच्या आसपास. इतक्या मोठ्या ताऱ्यांचा प्रकाश इतका प्रखर असतो की तो प्रकाशच त्यांच्या बाहेरच्या थरातला वायू ढकलून देतो आणि हा वायू सतत सगळ्या बाजूंनी बाहेर वाहत राहतो, त्यालाच ताऱ्याचा वारा म्हणतात. आपल्या सूर्याचाही वारा आहे पण तो वेगळ्या कारणानं वाहतो आणि यांच्यापुढे अगदीच किरकोळ. ईटा कॅरिनीच्या मोठ्या ताऱ्याचा वारा दाट आणि त्या मानानं संथ, सेकंदाला ४०० ते ५०० किमी, आणि तो इतकं वस्तुमान घेऊन जातो की हजार-बाराशे वर्षांत एक अख्खा सूर्य उडून जावा. धाकट्याचा वारा विरळ आहे पण भन्नाट, सेकंदाला साधारण ३००० किमी.

आता हे दोन वारे समोरासमोर धडकतात. धडकले की वायू जवळजवळ जागच्या जागी थांबतो आणि त्याच्या वेगात होती ती ऊर्जा उष्णता होऊन बाहेर पडते. हिशोब असा की सेकंदाला १००० किमीनं आलेला वारा असा थांबला तर तापमान साधारण १ कोटी ४० लाख अंश होतं, आणि वेग दुप्पट झाला तर तापमान चौपट. एवढा तापलेला वायू एक्स-रे सोडतो. आता मोठ्या ताऱ्याच्या वाऱ्याचा वेग या हिशोबात घालून बघा, तापमान ३० लाखांच्याच आसपास येतं, त्यातून कमी ऊर्जेचे, मऊ एक्स-रे निघतील, जास्त ऊर्जेचे कडक एक्स-रे नाहीत. पण उपग्रहांना तर कडक दिसतात, ५ कोटी अंशांच्या वायूतून येणारे. म्हणजे तिथं खूप वेगवान वारा सोडणारा दुसरा कोणीतरी असलाच पाहिजे. धाकटा तारा मोठ्याच्या झगझगाटात वेगळा असा दिसत नाही, तरी त्याच्या वाऱ्याचा वेग आपल्याला या एक्स-रेवरून माहीत झाला, मला ही गोष्ट फार मोठी वाटते.

राहिली कक्षा. ती भयंकर लांबट आहे. दोघं लांब असतात तेव्हा त्यांच्यात जवळपास सूर्य ते नेपच्यून एवढं अंतर असतं आणि जवळ येतात तेव्हा सूर्य ते मंगळ एवढंच. बहुतेक वर्षं ते लांबलांबच असतात आणि मग काही आठवड्यांत धाकटा तारा मोठ्याला झपाट्यानं वळसा घालून परत निघून जातो. जवळ येताना धडकेच्या जागी वायू दाट होत जातो म्हणून एक्स-रे वाढत जातात, ढोबळ नियम असा की अंतर निम्मं तर एक्स-रे दुप्पट. शेवटच्या काही आठवड्यांत तर ते अस्थिर होतात, मधेच उसळतात, खाली येतात, परत उसळतात, आणि मग एकदम कोसळतात. काही आठवडे जवळपास काहीच नाही आणि मग हळूहळू परत वर. त्या वेळी धाकटा तारा आपल्या बाजूनं बघितलं तर मोठ्याच्या मागे गेलेला असतो, धडकेची जागाही त्याच्याबरोबर मागे, आणि मोठ्या ताऱ्याचा दाट वारा आपल्या नजरेच्या आड. कारण एवढंच नाहीये, त्यावर खाली सातपूरच्या प्रश्नात सविस्तर लिहिलंय.

प्रश्न: आपल्याकडे सिंहस्थ बारा वर्षांनी येतो कारण गुरू बारा वर्षांनी सिंह राशीत परत येतो. या ताऱ्यांचं पण तसंच का? आणि तारा इतका लांब असताना दिवसांचा इतका नेमका आकडा कसा काय काढतात?
(रामकुंडाजवळ दुकान, पंचवटी)

उत्तर: प्रश्न फार आवडला, कारण उत्तराची निम्मी वाट तुम्हीच चालून आलात. हो, मूळ तेच, कोणीतरी कोणाभोवती तरी फेरी पूर्ण करतंय. फक्त गुरूची फेरी १२ वर्षांची नाही, ११.८६ वर्षांची आहे. फरक साधारण ५१ दिवसांचा, एका फेरीत तो जाणवत नाही पण सात फेऱ्यांत साठून जवळपास वर्षाचा होतो, म्हणून कधीतरी कुंभ अकराव्या वर्षी घ्यावा लागतो. हरिद्वारचा कुंभ २०१० नंतर २०२१ लाच झाला तो असाच.

ताऱ्यांच्या बाबतीत हाच साठत जाणारा फरक कामाला येतो. एका फेरीवरून काळ काढला तर त्यात चूक राहते, पण चार फेऱ्या मोजल्या की तीच चूक चार जणांत वाटली जाते. ईटा कॅरिनीचे एक्स-रे एकदम कोसळतात म्हणून त्या कोसळण्याची तारीख चांगली पकडता येते, हळूहळू उतरले असते तर एवढं नेमकं जमलं नसतं. १९९७ चा शेवट, २००३ चा जून, २००९ चा जानेवारी, २०१४ च्या ऑगस्टच्या आसपास, २०२० चा फेब्रुवारी, या तारखा एकामागे एक लावल्या की फेरी २०२३ दिवसांची येते, म्हणजे ५.५४ वर्षं.

याची सुरुवातही सांगण्यासारखी आहे. १९९६ मध्ये ब्राझीलच्या साव पावलो विद्यापीठातल्या ऑगुस्तो दामिनेली यांनी या ताऱ्याच्या वर्णपटातल्या हेलियमच्या एका रेषेवरून साडेपाच वर्षांची लय दाखवली आणि सांगितलं की पुढची घटना १९९७ च्या शेवटी होईल. नासाचा आरएक्सटीई हा उपग्रह तेव्हा नुकताच, १९९५ च्या डिसेंबरच्या शेवटी, वर गेला होता आणि ईटा कॅरिनीकडे नियमानं बघत होता. एक्स-रे वाढत गेले, वाढत गेले आणि १९९७ च्या डिसेंबरमध्ये कोसळले. आधी तारीख सांगून मग ती खरी ठरणं हे मागच्या दहा तारखा जुळवून दाखवण्यापेक्षा कितीतरी वजनदार असतं, कारण जुन्या आकड्यांत लय शोधायला बसलं की काही ना काही सापडतंच.

सगळ्यांची फेरी एवढी मोठी नसते बरं का. गॅमा व्हेलोरम नावाची जोडी आहे तिची फेरी ७८.५ दिवसांची. उलट हंस तारकासमूहातल्या डब्ल्यूआर १४० ची ७.९३ वर्षांची, आणि तिथं दर फेरीला दोघं जवळ आले की धूळ तयार होते आणि कवचासारखी बाहेर पसरत जाते. जेम्स वेब दुर्बिणीच्या २०२२ मध्ये आलेल्या चित्रात अशी सतराहून जास्त कडी एकामागे एक दिसली, म्हणजे शंभराहून जास्त वर्षांच्या फेऱ्या एकाच फोटोत.

प्रश्न: आमच्या कंपनीत वेल्डची रेडिओग्राफी होते. जाड भाग आला की एक्स-रे कमी पार होतात हे रोजचं आहे. पण तिथं सोर्स आमच्या हातात असतो. ताऱ्याच्या बाबतीत सोर्सच कमी झाला की मधे काहीतरी आलं, हे इथं बसून कसं ठरवता?
(सातपूर, क्वालिटी विभाग)

उत्तर: सर, हाच खरा प्रश्न, आणि संशोधक याच्यावर वर्षानुवर्षं भांडलेत.

पहिली युक्ती तुमच्या शॉपफ्लोअरवरचीच आहे. कमी ऊर्जेचे एक्स-रे वायूत पटकन शोषले जातात, जास्त ऊर्जेचे आरपार जातात. उपग्रहावरचं उपकरण नुसतं किती एक्स-रे आले एवढंच मोजत नाही, प्रत्येकाची ऊर्जा पण लिहून घेतं. मग सोपं आहे, मधे वायू आला असेल तर आधी मऊ जातील आणि कडक टिकतील, आणि सोर्सच मंदावला असेल तर मऊ आणि कडक बरोबरीनं खाली येतील. मऊ किती गायब झाले यावरून मधे किती वायू आहे तेही काढता येतं, तुम्ही जशी जाडी काढाल तसंच.

गॅमा व्हेलोरममध्ये हे फार स्वच्छ दिसतं. त्या जोडीत एक वुल्फ-रायेट जातीचा तारा आहे, त्याचा वारा खूप दाट, आणि दुसरा ओ वर्गाचा गरम तारा, त्याचा वारा विरळ. धडक होते ती दाट वाऱ्याच्या आत, आणि ओ ताऱ्याच्या मागे विरळ वाऱ्याची शंकूसारखी पोकळी तयार होते. ७८.५ दिवसांत एकदा ही पोकळी आपल्याकडे तोंड करते तेव्हा आपण त्या विरळ वाटेनं थेट आत बघतो आणि एक्स-रे वाढलेले दिसतात, बाकीचे दिवस दाट वाऱ्यातून बघावं लागतं म्हणून कमी. रोसॅट या जर्मन उपग्रहानं हे १९९० च्या दशकात टिपलं. इथं सोर्स फारसा बदलत नाही, आपण कुठून बघतो ते बदलतं.

ईटा कॅरिनी मात्र एवढ्यावर सुटत नाही. एक्स-रे कोसळायच्या आधी मधला वायू वाढत जातो, मऊ एक्स-रे आधी जातात, इथपर्यंत ठीक. पण मग कडक पण जातात, आणि नुसत्या वायूनं झाकायचं म्हटलं तर ज्या कडक एक्स-रेंनी आरपार यायला हवं तेही येत नाहीत. मग दोन शक्यता उरतात. एक म्हणजे सर्वात तापलेला भाग मोठ्या ताऱ्याच्या आणि त्याच्या वाऱ्याच्या अगदी दाट गाभ्यामागे जातो. दुसरी म्हणजे दोघं इतके जवळ येतात की धाकट्याच्या वाऱ्याला पूर्ण वेग घ्यायला अंतरच उरत नाही, मोठ्याचा प्रकाशही त्याला उलटा ढकलतो, आणि धडक होते पण कमी वेगानं, म्हणजे कमी तापमानाची. वेग निम्मा तर तापमान पाव, वर हिशोब दिलाय तो इथं लावून बघा. माझं मत विचाराल तर दोन्ही एकत्र होतं, कारण एकट्या झाकण्यानं कडक एक्स-रेचा हिशोब लागत नाही आणि एकट्या मंदावण्यानं आधी वाढत जाणाऱ्या वायूचा लागत नाही.

आणि माझ्या मते सर्वात बोलकी गोष्ट २००९ ची. १९९७-९८ आणि २००३ ला एक्स-रे जवळपास तीन महिने खाली होते. २००९ ला पडले वेळेवर, पण वर आले साधारण महिनाभर आधीच. कक्षा तीच, फेरी तीच, दिवस तेच. मग बदललं काय, तर वारा, किंवा वाऱ्याचा त्या धडकेवर होणारा परिणाम. मोठ्या ताऱ्याचा वारा विरळ झाला का, यावर लगेच पेपर आले, उलट बाजूचेही आले. म्हणून सुरुवातीला म्हटलं ना, दिवस कक्षेचे आणि आकार वाऱ्याचा.

आणखी एक, तुम्हाला आवडेल. २००३ मध्ये मुख्य एक्स-रे दबलेले असताना नासाच्या चंद्रा या अवकाशातल्या एक्स-रे दुर्बिणीला ताऱ्याभोवतीच्या ढगावरून परावर्तित होऊन आलेले मंद एक्स-रे दिसले. तो ढग १८४० च्या दशकातल्या मोठ्या उद्रेकात बाहेर फेकला गेलेला, १८४३ मध्ये तर हा तारा काही काळ व्याधाखालोखाल आकाशातला सर्वात तेजस्वी तारा होता. ते एक्स-रे वळसा घालून आले म्हणून उशिरा पोचले, नेहमी मात्र मुख्य सोर्सच्या झगमगाटात ते दिसत नाहीत.

प्रश्न: पुण्याला जाताना नारायणगावच्या आसपास मोठ्या डिश दिसतात. त्यातून हे सगळं बघतात का?
(नाशिकरोड, टुरिस्ट गाडी चालवतात)

उत्तर: नाही दादा, ती जीएमआरटी, खोडदची रेडिओ दुर्बीण. एकूण ३० डिश, प्रत्येकीचा व्यास ४५ मीटर, आणि त्या पकडतात रेडिओ लहरी. एक्स-रे जमिनीपर्यंत पोचतच नाहीत, आपली हवा ते कित्येक किलोमीटर वरच शोषून घेते, आपल्या दृष्टीनं ते चांगलंच आहे. म्हणून एक्स-रे दुर्बीण उपग्रहावरच लागते. आपल्या देशाचा अॅस्ट्रोसॅट २८ सप्टेंबर २०१५ ला श्रीहरिकोटाहून गेला, साधारण ६५० किमी उंचीवर, त्यावरची एक्स-रे मोजणारी मोठी उपकरणं मुंबईच्या टीआयएफआरमध्ये, म्हणजे टाटा मूलभूत संशोधन संस्थेत, तयार झालीत. नंतर १ जानेवारी २०२४ ला एक्सपोसॅट हा आपलाच दुसरा एक्स-रे उपग्रह गेला.

पण रेडिओचा संबंधच नाही असंही नाही. त्याच वाऱ्यांच्या धडकेत काही इलेक्ट्रॉन प्रचंड वेग पकडतात आणि त्यांच्यापासून रेडिओ लहरी निघतात, डब्ल्यूआर १४० मध्ये रेडिओसुद्धा त्याच ७.९३ वर्षांच्या तालावर वरखाली होतो. ईटा कॅरिनीत तर २०१८ मध्ये नुस्टार उपग्रहावरून दाखवलं गेलं की सर्वात कडक एक्स-रे या वेगवान कणांमुळे येतात. २८ फेब्रुवारीच्या विज्ञान दिनाला खोडदला प्रदर्शन असतं, पॅसेंजर नसेल त्या दिवशी मुलांना घेऊन जरूर जा.

प्रश्न: यातलं काही नाशिकमधून नुसत्या डोळ्यांनी दिसतं का?
(सिन्नर)

उत्तर: एक्स-रे नाही, पण तारे दिसतात, आणि हे ऐकून बरेच जण चकित होतात. गॅमा व्हेलोरम चांगला ठळक तारा आहे, मार्चच्या मध्यात रात्री नऊच्या सुमारास बरोबर दक्षिणेला, क्षितिजापासून साधारण २२-२३ अंश वर. अगस्त्य ओळखता येत असेल तर त्याच्या डावीकडे, थोडा वर. आकाशात नुसत्या डोळ्यांनी सहज दिसणारा हा वुल्फ-रायेट तारा आहे, एवढ्यासाठी तरी एकदा बघाच.

ईटा कॅरिनी जरा कष्टाचा. नाशिक २० अंश उत्तरेला, म्हणून तो दक्षिणेला फार तर १० अंश वर येतो, त्रिशंकू येतो तेवढाच, त्रिशंकूच्या उजवीकडे. एप्रिलच्या दुसऱ्या पंधरवड्यात रात्री नऊच्या आसपास बघायचं. दक्षिणेला डोंगर किंवा एमआयडीसीचे दिवे नकोत, आणि शहराच्या दक्षिणेला जाऊन उभं राहिलात तर नाशिकचा उजेड पाठीमागे राहतो, म्हणून तुमच्याकडच्यांना आमच्यापेक्षा सोपं. दुर्बिणीतून, साधी हातातली चालेल, आजूबाजूचा तेजोमेघ धुरकट दिसतो. एक्स-रे कोसळतात तेव्हा डोळ्यांना काही फरक कळत नाही, त्या अपेक्षेनं जाऊ नका. हिशोबानं २०२५ च्या ऑगस्ट-सप्टेंबरनंतरची पाळी २०३१ च्या पहिल्या तिमाहीत, आणि त्या वेळी तारा आपल्या रात्रीच्या आकाशात असेल, म्हणजे तिकडे बघत असताना आत काय चाललंय हे तरी माहीत असेल.

प्रश्न: ब्लॅक होल असलेल्या जोड्या पण एक्स-रे सोडतात ना? मग त्या आणि या एकच का?
(इंदिरानगर, शिक्षिका)

उत्तर: नाही बाई, एक्स-रे वेगळ्या जागी तयार होतात. वर सांगितल्या त्या जोड्यांत दोन्ही खरेखुरे तारे, आणि वारा वाऱ्याला धडकतो. दुसऱ्या प्रकारात एक मोठा तारा आणि त्याच्याभोवती एक न्यूट्रॉन तारा (स्फोट झालेल्या ताऱ्याचा उरलेला, अतिशय दाट गाभा) किंवा ब्लॅक होल, ते मोठ्याचा वायू ओढून घेतं आणि त्यात पडताना वायू तापतो. न्यूट्रॉन तारा वीसेक किलोमीटर रुंद, म्हणजे एक्स-रेचा सोर्स अगदी ठिपक्याएवढा, त्यामुळे तो मोठ्या ताऱ्यामागे गेला की खरंखुरं ग्रहण लागतं. सेंटॉरस एक्स-३ मध्ये हे २.०९ दिवसांनी होतं आणि अर्धा दिवस टिकतं. तिथं दुसरंही घड्याळ चालू असतं, न्यूट्रॉन तारा ४.८ सेकंदांत एकदा स्वतःभोवती फिरतो आणि तेवढ्या अंतरानं एक्स-रेचे ठोके येतात, आणि तो आपल्याकडे येताना ठोके किंचित लवकर पडतात, लांब जाताना उशिरा. १२ डिसेंबर १९७० ला केनियाच्या किनाऱ्याजवळून उडालेल्या उहुरू उपग्रहानं हे शोधलं आणि एक्स-रे सोडणारी ही वस्तू जोडीतली आहे हे पक्कं झालं.

ब्लॅक होलवाली हंस एक्स-१ ५.६ दिवसांत फिरते, पण तिथं पूर्ण ग्रहण लागत नाही. ब्लॅक होल पलीकडच्या बाजूला असतं तेव्हा एक्स-रेमध्ये छोटे छोटे खड्डे पडतात, कारण मोठ्या ताऱ्याच्या वाऱ्यात दाट गुठळ्या असतात आणि त्या मधे येतात. प्रत्येक फेरीत खड्डे वेगळे, फेरी मात्र तीच.

प्रश्न: ईटा कॅरिनीचा स्फोट झाला तर आपल्याला धोका आहे का?
(तिघांनी विचारलंय)

उत्तर: नाही. ७५०० प्रकाशवर्षं हे खूप मोठं अंतर आहे आणि एक्स-रे हवेत थांबतात.

प्रश्न: ताई, मी अकरावी सायन्सला आहे. यातलं काही मला स्वतःला करून बघता येईल का? टेलिस्कोप नाहीये, घरी लॅपटॉप आहे.
(कॉलेज रोड)

उत्तर: येईल, आणि तू करच. आंतरराष्ट्रीय अवकाश स्थानकावर मॅक्सी नावाचं जपानी उपकरण २००९ पासून आहे, ते स्थानकाच्या जवळपास प्रत्येक फेरीत आकाशाचा मोठा भाग झाडून काढतं आणि शेकडो एक्स-रे स्रोतांचे आकडे सगळ्यांसाठी मोफत ठेवलेले असतात. ईटा कॅरिनीपासून सुरुवात करू नको, तो मॅक्सीसाठी मंद आहे. व्हेला एक्स-१ घे, हा न्यूट्रॉन तारा एका महाराक्षसी ताऱ्याभोवती ८.९६४ दिवसांत फिरतो आणि दर फेरीला दीड-पावणेदोन दिवस त्याच्यामागे जातो.

फाईलमध्ये पहिल्या कॉलमला तारीख असते, पण ती ज्युलियन पद्धतीची, नुसता दिवसांचा आकडा, तिला हात लावू नको, उलट हिशोबाला तीच सोयीची. एक्सेलमध्ये प्रत्येक तारखेतून पहिली तारीख वजा कर, उत्तराला ८.९६४ नं भाग आणि पूर्णांक टाकून फक्त दशांशाचा भाग ठेव. तो भाग म्हणजे फेरीत तारा कुठं आहे, ० ते १ मध्ये. मग ० ते १ चे वीस समान तुकडे कर आणि प्रत्येक तुकड्यात पडणाऱ्या सगळ्या आकड्यांची सरासरी काढून आलेख काढ. सुट्टा डेटा बघितलास तर नुसता गोंधळ दिसेल, व्हेला एक्स-१ मनाला येईल तसा उसळत असतो, पण दहा वर्षांचा डेटा असा घडी घालून एकावर एक ठेवला की ग्रहणाचा खड्डा स्वच्छ वर येतो.

आता मुद्दाम ८.९६४ ऐवजी ८.९७४ घालून बघ. दहा वर्षांत चारशेच्या वर फेऱ्या होतात, दर फेरीला ०.०१ दिवसाची चूक साठून चार दिवस होतात, म्हणजे जवळजवळ अर्धी फेरी, आणि खड्डा पसरून जातो. पंचवटीच्या काकांना दिलेलं उत्तर यासाठी परत वाच. आणखी एक काळजी घे, मॅक्सीच्या डेटामध्ये ७० दिवसांच्या आसपासची खोटी लय डोकावू शकते, ती ताऱ्याची नसते, स्थानकाची कक्षाच तेवढ्या दिवसांत आकाशात एक गिरकी घेते म्हणून येते.

हे जमलं की पुढची पायरी. मॅक्सी वेगवेगळ्या ऊर्जेचे आकडे वेगळे देतं. २ ते ४ (मऊ) आणि १० ते २० (कडक) किलोइलेक्ट्रॉनव्होल्ट, हे ऊर्जेचं माप, या दोन पट्ट्यांचे आलेख वेगळे काढ आणि एकमेकांवर ठेव. ग्रहणात दोन्ही खाली जातील. पण ग्रहणापासून मोजलेल्या फेरीच्या दुसऱ्या अर्ध्या भागात, पुढचं ग्रहण अजून लांब असताना, मऊ पट्टा कडक पट्ट्याच्या मानानं दबलेला दिसला पाहिजे, कारण न्यूट्रॉन तारा वाऱ्यातून जाताना मागे दाट वायूची शेपूट सोडतो आणि त्या वेळी ती शेपूट आपल्या नजरेच्या वाटेत येते. नंतर सेंटॉरस एक्स-३ कर, पण त्याची फेरी २.०९ दिवसांची असल्यामुळे रोजच्या सरासरीची फाईल चालणार नाही, स्थानकाच्या दर फेरीची, म्हणजे दीड तासांची फाईल घे. आलेख जमले तर आमच्याकडे पाठव, पुढच्या अंकात छापू.